आधी तुम्ही खा

घटस्फोटाच्या केसेस चालवणाऱ्या वकिलाला किस्से शोधावे लागत नाहीत, ते घरापर्यंत मागे येतात. भंडाऱ्याच्या कोर्टात मला बरीच वर्षं झाली. बार रूममध्ये कुणी चोरीचे, बांधावरच्या भांडणाचे किस्से काढले की लोक खुर्च्या ओढून बसतात. माझे सुरू झाले की एकेकाला आपल्या तारखेची आठवण होते. म्हणून आज फक्त देवानंदचे सांगते, म्हणजे निदान माणूस तरी एकच राहील.

*

देवानंद आंबागडचा, घरची धानाची शेती. घटस्फोट झाला, आठ वर्षांची ऋतुजा आईबरोबर तुमसरला गेली आणि हळूहळू बापाचा फोनही घेईनाशी झाली. मी त्याला कायदा समजावला. ताब्याचा अर्ज करता येतो. ताबा नाही मिळाला तरी भेटी, सुट्ट्या, व्हिडिओ कॉल मागता येतात. समुपदेशक मागता येतो. समोरच्यांनी ऑर्डर पाळली नाही, तर अंमलबजावणीचा अर्ज आहे, अवमानाचाही आहे.

त्याने सगळं नीट ऐकून घेतलं.

"अन् तिनं माह्याकडं पाह्यलं पाह्यजे, त्याचा कोणता अर्ज आहे जी?"

*

भेटी मिळाल्या. महिन्यातून दोनदा, कोर्टातल्या मुलांच्या खोलीत. पहिल्याच भेटीला देवानंद गावच्या तलावातले शिंगाडे उकडून घेऊन आला, कारण पोरीला ते फार आवडायचे. एक सोलून तिच्यापुढे धरला.

"आधी तुम्ही खा," ऋतुजा भिंतीकडे बघत म्हणाली. "आई म्हणते, तिकडचं खायचं नाही. त्यात काहीतरी टाकलेलं राहते."

देवानंदने अर्धा खाल्ला, अर्धा पुढे केला. "पाह्य, मी खाल्ला. काही नाही त्याच्यात."

तिने घेतला नाही. त्याने दुसरा सोलला, मग तिसरा. तासाभरात आपले अर्धे आणि तिचे अर्धे, सगळी पिशवी त्याने एकट्याने संपवली. व्हायचं तेच झालं, दुसऱ्या दिवशी पोट बिघडलं. आणि या भल्या माणसाने ते तुमसरच्या ओळखीच्या चार लोकांना सांगितलं! पुढच्या तारखेला समोरच्या वकिलांचं उत्तर हजर: अर्जदाराने आणलेला पदार्थ खाऊन खुद्द अर्जदाराचीच प्रकृती बिघडली, सबब भेटी बंद कराव्यात.

*

भेटी बंद झाल्या नाहीत, पण न्यायाधीश साहेबांनी मुलीला चेंबरमध्ये बोलावलं. नंतर त्यांनीच आम्हा दोघा वकिलांना सांगितलं. त्यांनी विचारलं होतं, बाबांना का भेटायचं नाही?

पोरगी खुर्चीतून उठून ताठ उभी राहिली. "त्यांच्या सहवासात माझ्या मानसिक आरोग्यावर विपरीत परिणाम होतो."

मग म्हणाली, "बसू का आता?"

*

त्या दिवशी मला तिच्या आईचा फार राग आला होता. नेमकी तीच कॉरिडॉरमध्ये समोर आली.

"मॅडम, तुमच्या माणसाच्या आईनं लग्नापासून माह्या हातचं कधी खाल्लं नाही. म्हणे, ही काहीतरी चारते. अन् हा बाजूले बसून राहे, चूप. विचारा त्याले, काहून चूप बसे?"

मी विचारलं नाही. मी त्याची वकील, तिची नव्हे.

*

दिवाळीचे चार दिवस मिळत होते, पण देवानंद अडून बसला. "दिवाळी राहू द्या तिच्या आईकडं. मले मंडईचा दिवस पाह्यजे."

न्यायाधीश साहेब घाटाकडचे, पश्चिम महाराष्ट्रातले. दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगावी मंडई म्हणजे जत्रा भरते, दंडारीचा नाच-गाण्याचा खेळ होतो, लेकीबाळी गावात येतात, हे मला भर कोर्टात समजावून सांगावं लागलं. एक दिवस मिळाला.

ऋतुजा आली. आईने सोबत डबाभर करंज्या दिल्या होत्या. आता हे त्या बाईचं मन वळलं होतं की नुसती रीत होती, देव जाणे. देवानंदच्या म्हाताऱ्या आईने डबा उघडून पाहिला आणि लेकरासमोरच उकिरड्यावर पालथा केला. "त्या घरचं कोनी खाऊ नका. काय टाकलं असन, कोनाले माहीत."

हे मला देवानंदनेच सांगितलं, ऑफिसात बसून, मान खाली घालून.

"मग तुम्ही काय केलं?"

"घरात पाव्हणे होते जी. आईसमोर काय बोलू? चूप बसलो."

माझ्याकडे या चूप बसण्यावर कोणताही अर्ज नव्हता.

*

त्यानंतरच्या भेटीला देवानंद रिकाम्या हाताने आला. काही आणायची त्याची हिंमतच झाली नसावी. मी दारातच उभी होते.

ऋतुजाने दप्तरातून घरून रुमालात बांधून आणलेली, आईच्या हातची एक करंजी काढली. भिंतीकडे न बघता ती बापासमोर येऊन बसली. करंजी मोडली. अर्धी तोंडात टाकली, चावली, गिळली, आणि तोंड उघडून त्याला दाखवलं. मग उरलेली अर्धी त्याच्यापुढे धरली.

"पाहा, मी खाल्ली. काही नाही त्याच्यात."