वीतभर वर धरलेला नेम

यमुना लग्न होऊन त्या घरात आली, त्याच वर्षीचं ते भांडण. ती मागीलदारी आदोळीवर बसून नारळ खवत होती आणि पुढच्या खळ्यात सासरा नि नवरा एकमेकांच्या अंगावर धावत होते. नव्या नवरीने मान खाली घालावी, तोंड मिटावं, हे तिला आईने शिकवलं होतं. कान कसे मिटायचे ते काही सांगितलं नव्हतं.

"पेरतंय मी, राखतंय मी, नि खातलो तो?" सासरे नाना गरजत होते.

"खांवदे. भेवडावचो, मारूचो नाय." हा बाबली, तिचा नवरा.

"भेवडावन पोरा जातत रे. भूक जाणा नाय."

"तुमी मारलास तो काय चोर होतो? वानर होतो, नाना. मारुतीचो."

"मगे मारुतीक सांग, माझो मोहर परत आणून दी!"

यमुनेला वाटलं होतं, या घरातलं पहिलं भांडण आपल्यावरून होईल. आमटीत मीठ, चुलीत धूर, काहीतरी. ते निघालं वानरावरून. तिला जरा हायसं वाटलं, आणि खरं सांगायचं तर जरा अपमानही वाटला.

झालं होतं असं. नानांनी काजूच्या बागेत ठासणीच्या बंदुकीने एक वानर पाडला होता. वाडीतल्या लोकांनी त्याला पांढरं फडकं घातलं, नारळ ठेवला, माणसासारखा पुरला. नाना तिकडे फिरकले नाहीत. पण वाडीच्या वेशीवर राखणदाराचा धोंडा आहे, आणि काजूला मोहोर आला की सगळ्या वाडीच्या वतीने तिथे गाऱ्हाणं घालायचं ते या घरातल्या माणसानेच. त्या गाऱ्हाण्यात पिढ्यान् पिढ्या एक शब्द होता, "आमी राखतंव, मारणव नाय." आता हा शब्द नानांच्या तोंडी कसा शोभावा? लोक समोर बोलले नाहीत, विहिरीवर बोलले.

म्हणून त्या दिवशी खळ्यात शेवटी बाबली म्हणाला, "यंदापासून गाऱ्हाणा मी घालतलंय. ह्या हातान वानर मरूचो नाय. मेलो तर त्या दिसापासून गाऱ्हाण्याक माझा तोंड बंद."

आदोळीवरचा यमुनेचा हात थांबला. बोटाला लागलं होतं थोडं.

नाना गेले. ठासणीची बंदूक पोलीस ठाण्यात जमा झाली. बाबलीने वेंगुर्ल्याच्या बाजारातून छऱ्याची बंदूक आणली, हवेच्या दाबाची, नळी मधोमध दुमडून छरा भरायची ती. नाना असते तर म्हणाले असते, हे खेळणं जत्रेतल्या फुग्यांना बरं. पण बाबलीने त्या खेळण्यावर सगळ्या वाडीची राखण केली. आपली बाग, राधाबाईची बाग, सत्यवानाच्या सड्यावरची कलमं, एका डोंगराच्या उतरणीला लागून सगळं. उजाडलं की डोक्यावर टॉवेल, खांद्याला बंदूक, खिशात छऱ्यांचा डबा. चालताना डबा वाजायचा. यमुनेला घरात बसून कळायचं, आता हे वहाळापाशी, आता पाणंदीत.

त्याची एक पद्धत होती. वानराच्या डोक्यावर वीतभर अंतर सोडायचं आणि तिथल्या पानावर नेम धरायचा. छरा पानातून गेला की फट् असा आवाज व्हायचा. वानर वर बघायचा. वरून काय आलं म्हणून घाबरायचा आणि सगळी टोळी घेऊन पळायचा. कुणाला खरचटायचंही नाही. बाबली छऱ्याचं कौतुक एखाद्या मुलीचं करावं तसं करायचा. तळहातावर घेऊन दाखवायचा, "बघ गो, कंबर बारीक नि खाली पोकळ घागरो. घागऱ्यात वारो भरता म्हणान ह्यो सरळ जाता. वाकडी चाल नाय ह्येची."

"माका कधी असा बघलास नाय," यमुना म्हणायची.

"तुझो घागरो खंय?"

असे दिवस गेले बरेच. पण वानर काही मूर्ख नाही. एका पिढीने दुसरीला सांगितलं असावं, हा म्हातारा मारत नाही, फक्त पानं वाजवतो. आधी पळायचे ते दोन झाडं लांब जाऊ लागले. मग एक झाड. मग जागच्या जागी बसून बाबलीकडे बघू लागले. मोहोर ओरबाडायचे, हिरवी बोंडं एक चावा घेऊन टाकायचे, माडावरचे कोवळे नारळ खाली सोडायचे. गोड लागलं म्हणून खाल्लं असतं तर एवढं वाईट वाटलं नसतं. नासाडी बघवत नव्हती. सत्यवानाने तर वैतागून कलमांकडे जाणंच सोडलं.

राधाबाई कमरेवर हात ठेवून बांधावरून ओरडायची, "बाबल्या, वांदरांका वाटता तू टाळये वाजवतंस! उद्या तुका नमस्कार करतले!"

बाबली हसायचा. घरी आला की हसायचा नाही. पेज समोर ठेवून बसायचा नि म्हणायचा, "काय करू गो?" यमुना पेजेत आणखी एक पळी वाढायची.

त्यांचा एकुलता एक निकेत बांद्याला पंप दुरुस्तीच्या दुकानात कामाला. त्याने मोबाईलवर बघून बघून या विषयात डोकं घातलं. एका रविवारी येताना एक चपटी डबी घेऊन आला.

"बाबा, छरे सोडा. लांब गेल्यार छरो दम सोडता. ह्ये स्लग. भरीव आसत. वाऱ्याक नमणत नाय. एकदा एकाक लागलो काय टोळी परत येवची नाय."

बाबलीने एक स्लग बोटांत धरला. उजेडात फिरवला. "ह्येका कंबर नाय."

"माझ्यासारखो आसा," यमुना म्हणाली.

"तू मारतंस गो, पण जीव घेणस नाय." त्याने स्लग परत डबीत टाकला. "नि निकेता, लागलो तर मरतलो मा?"

"मगे काय त्येंची पूजा करतलास? आमच्या तोंडचो घास जाता नि तुमी वीतभर वर मारतास!"

यमुना चुलीपाशी उभी होती. तिला वाटलं नाना परत आलेत. आवाज तोच, हात उडवायची ढब तीच. फक्त ह्या वेळी बाबली बापाच्या जागी होता आणि बापासारखं ओरडता येत नव्हतं त्याला.

"ह्या बंदुकेत बसतले?" त्याने एवढंच विचारलं.

"नवी आणतलंय मी, हवेच्या टाकीची. पण बसतले. छऱ्याचो नि ह्येचो नंबर एकच."

डबी देव्हाऱ्याच्या वरच्या फळीवर गेली. तिथे ठेवलेली वस्तू त्या घरात टाकलेलीही नसते आणि वापरातही नसते.

शिमगा आला. कट्ट्याच्या बाजारातलं छऱ्यांचं दुकान बंद, दुकानदार देवाच्या पालखीबरोबर. नेमके बाबलीचे छरे संपले. आणि वानरांना शिमगा नसतो. अख्खी टोळी राधाबाईच्या काजीवर उतरली. बोंडं पिकायला आली होती, बी भरली होती. राधाबाई रडत आली. एरवी टोमणे मारणारी बाई रडली की माणूस घाबरतो.

"बाबल्या, वर्साचा गेला रे! काय तरी कर! नायतर बंदूक माका दी!"

बाबली आत आला. खिसे चाचपले. रिकामा डबा हलवून बघितला. मग फळीकडे हात नेला.

"अवो, ते नको," यमुना म्हणाली.

"मारूचंय खंय? वीतभर वर धरतलंय. पानाक छरो लागलो काय नि ह्यो लागलो काय."

यमुना त्याच्यामागून बांधापर्यंत गेली. तिने बघितलं, त्याने नेहमीसारखी बंदूक खांद्याला लावली, नेहमीसारखा एक डोळा मिटला, नेहमीसारखी नळी जराशी वर उचलली. एक म्हातारी वानरी फांदीच्या बेचक्यात बसली होती, तिच्या डोक्यावरच्या पानाकडे नेम धरला. चाप ओढला.

फट् झालं नाही. पान हललं नाही.

वानरीने गालाखाली, मानेवर हात ठेवला. दाढ दुखल्यावर माणूस ठेवतो तसा. बाकीची टोळी ओरडत सड्याकडे पळाली. ती मात्र हळूहळू फांदीफांदीने बांधावरच्या फणसावर गेली, आणि तिथे वर जाऊन बसली.

"लागला काय गो?" बाबलीने विचारलं. त्याला दिसत होतं, तरी विचारलं.

मग सुरू झालं ते बसणं. बाबली फणसाखाली, वानरी फणसावर. करवंटीत पाणी ठेवलं. केळी ठेवली. "खाली ये गो बाय, माका बघुंदे," म्हणत राहिला. त्याला चढता येत नव्हतं, गुडघे गेलेले. चढला असता तरी ती आणखी वर गेली असती. ती खाली आली असती तरी त्याने काय केलं असतं? हे यमुनेला कळत होतं, त्यालाही कळत होतं. तरी करवंटीतलं पाणी ऊन झालं की तो बदलत होता.

राधाबाईच्या फोनवरून त्याने निकेतला लावला. "फॉरेस्टवाल्यांका बोलव."

"बाबा, याडे झालास काय? तुमकाच घेवन जातले!"

"नेवंदेत. ती वर बसली हा."

निकेतने लावला असावा फोन, कारण माणूस आला. जाळं घेऊन, पिंजरा घेऊन आला बिचारा. तोपर्यंत ती खाली पडली होती आणि बाबलीने आपला टॉवेल तिच्या अंगावर घातला होता.

"कशाने झालं?" त्या माणसाने विचारलं. नवखा होता, घाटावरचा.

"माझ्या हातानं झालं, साहेब," बाबली जमेल तितक्या शुद्ध भाषेत म्हणाला.

"काय सांगता!" राधाबाई मध्येच कडाडली. "म्हातारो झालो तो, काय पण बोलता. माडावरसून पडली ती! आमी सगळ्यांनी बघलाव. काय रे सत्यवाना?"

"व्हय व्हय. ह्या माडावरसून." सत्यवानाने दाखवला तो माड सुद्धा नव्हता, पोफळ होती.

"साहेब, मी बंदुकीनं..."

"गप रे बाबल्या! तेंका सुतक लागला साहेब, वांदरांचो जीव फार तेंका!"

त्या माणसाने एकाचं ऐकावं की सगळ्यांचं? त्याने सगळ्यांचं ऐकलं. उभ्या वाडीने बाबलीला वाचवला, आणि आपली चूक आपल्या तोंडाने सांगायची एवढी एक गोष्ट त्याला हवी होती, ती काही त्याला मिळाली नाही.

वानरीला फणसाखाली पुरली. पांढरं फडकं यमुनेने दिलं, आपल्या नेसणीच्या पातळातलं. बाबलीने मिशी उतरवली. निकेत आला तो बघतच राहिला. "लोक हसतले बाबा."

बाबलीने बंदूक काढली. शिमगा संपून दुकान उघडलं होतं, छरे आणले होते. त्याने गडग्यावर एक करवंटी उभी केली, तिच्यामागे वर एक पुठ्ठा लावला. छरा भरला, करवंटीच्या वीतभर वर नेम धरला. पुठ्ठ्याला भोक पडलं. मग स्लग भरला. नेम तोच, हात तोच. करवंटी फुटली.

निकेत पुठ्ठ्याकडे बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "जड आसा. जुन्या बंदुकेक त्येचा वजन झेपणा नाय. खाली पडता."

"माझो नेम चुकलो नाय रे," बाबली म्हणाला. "तोच घोळ झालो."

पुढच्या वर्षी मोहोर आला. वाडी राखणदारापाशी जमली. नारळ, अगरबत्ती, सगळं मांडून झालं आणि सगळे बाबलीकडे बघू लागले.

"घाल गाऱ्हाणा," सत्यवान म्हणाला.

बाबली हात जोडून उभा. तोंड बंद.

"अरे, माडावरसून पडली ती," राधाबाई हळूच म्हणाली. आता तिलाही ते खरं वाटायला लागलं होतं.

शेवटी सत्यवानानेच घातलं. त्याला शब्द येत होते कुठे? राखणीचं सोडून त्याने एसटी वेळेवर यावी म्हणूनही मागून घेतलं. पण प्रत्येक मागण्यानंतर सगळ्यांनी "व्हय महाराजा" म्हणायचं असतं, त्यात सगळ्यांत मोठा आवाज बाबलीचा होता. यमुनेने पदर तोंडाला लावला. हसू आलं की काय, ते तिचं तिलाच ठाऊक.

त्यानंतर बाबलीने बंदूक उचलली नाही. पत्र्याचा डबा नि काठी घेऊन फिरायचा. वानर यायचे, खायचे, जायचे. वाडीने त्याला काही म्हटलं नाही, हे त्याला जास्त लागायचं. निकेतने मात्र हट्ट सोडला नव्हता. दर खेपेला नव्या बंदुकीची गोष्ट काढायचा, स्लगची गोष्ट काढायचा. त्यावर बाबलीने एक उपाय काढला होता. तो दर बाजाराला कट्ट्याला जाऊन छऱ्यांचा एक डबा घेऊन यायचा. निकेतने विषय काढला की फळीकडे बोट दाखवायचा, "घरात छरे आसत मा? ते संपांदेत. मगे बघू." आणि ते संपणार कसे? भरणार कोण? फळीवर डब्यांची रांग वाढत गेली. यमुना म्हणायची, देव्हाऱ्यात देव कमी नि छरे जास्त.

तो बाबलीच्या आयुष्यातला शेवटचा बाजार. शेवटचा म्हणून कोण सांगणार होतं? सकाळी त्याने पिशवी घेतली, छत्री घेतली.

"मशेरी आणा," यमुना म्हणाली. "नि सुकट बघून आणा. मागची खवट होती."

"मगे तू येतंस?"

"माझे पाय तुमी देतास?"

एसटीने गेला, एसटीने आला. दुपार व्हायच्या आत पाणंदीतून त्याचा डबा वाजला. सुकटीची पुडी, मशेरीची पुडी, एक छऱ्यांचा डबा. त्याने तो कानाशी नेऊन हलवून बघितला, नेहमी बघायचा तसा. मग फळीवर रांगेच्या टोकाला नीट बसवला.

"घागऱ्याचे?" यमुनेने विचारलं.

"घागऱ्याचेच गो. दुसरे कशाक आणतलंय?" त्याने पायावर पाणी घेतलं आणि खळ्यात टेकला. फणसाकडे बघत म्हणाला, "वांदर इल्ले?"

"इल्ले."

"खूप खाल्ल्यानी?"

"नाय हो. थोडाच," यमुना म्हणाली, आणि सुकट निवडायला सूप घेऊन त्याच्या बाजूला बसली.