मायचं गप्प बसणं

माझी माय बोलता बोलता थांबायची. भाकरी थापताना हात परातीतच राहायचा, नजर चुलीमागच्या भिंतीवर जायची आणि ओठ काहीतरी चघळल्यासारखे हलायचे. थोड्या वेळानं ती पुन्हा थापायला लागायची. आपण काही विचारलेलं असलं तर ते पुन्हा विचारावं लागे. शेजारच्या बायका याला तंद्री म्हणत. अण्णा, म्हणजे माझे वडील, याला माज म्हणत. त्यांच्या मते ती फक्त त्यांच्याच प्रश्नांना उत्तर देत नसे. त्यांचे प्रश्न बघता मला त्यात काही गैर वाटत नसे.

माझा मात्र तिच्या एका गप्प बसण्यावर राग होता. मी दहावीत असताना दिवाळीच्या आधी चकलांब्याकडचे पाव्हणे मला बघायला आले. आईबाप ऊसतोडीला गेल्यावर वयात आलेली पोरगी घरी कुणाच्या भरवशावर ठेवायची, हा प्रश्न शिरूर कासाराच्या आमच्या भागात दर दिवाळीला निघतो आणि त्याचं उत्तर बहुतेक वेळा नवरदेव असतं. बैठकीत पुरुष, दाराआड बायका. सगळं ठरल्यावर अण्णांनी रीतीप्रमाणं मान वळवून आत विचारलं, "काय गं, द्यायची का पोरगी?" माय उंबऱ्याच्या आत चहाच्या कपबशा धरून उभी होती. मी तिच्यामागं होते, त्यामुळं मला फक्त तिची पाठ दिसत होती. ती काही बोलली नाही. आमच्यात आतून आवाज आला नाही की होकार धरतात. सुपारी फुटली आणि माझी शाळा सुटली.

नवरा वाईट निघाला नाही, हे त्याच्या तोंडावर नाही तरी इथं सांगायला हवं. पण मला परीक्षा द्यायची होती. अण्णांना मी कधीच माफ केलं, त्यांनी निदान विचारलं तरी होतं. मायला केलं नाही.

अलीकडे तिचा तळहात तापल्या तव्यावर राहिला. भाजल्याचा वास येईपर्यंत ती भिंतीकडंच बघत होती. तेव्हा कुठं ती माज करत नसावी, अशी अण्णांना शंका आली. बीडच्या मेंदूच्या डॉक्टरांनी डोक्यातला करंट तपासायला सांगितला. केस धुऊन, तेल न लावता यायचं होतं. मायला वाटलं, आपल्याला शॉक देणार. मी समजावलं, ते करंट देत नाहीत, आपल्या डोक्यात असतो तो मोजतात. अण्णा म्हणाले, "हिच्या डोक्यात करंट हाय, तर मग गावात कावून न्हाई?"

तपासणीसाठी मी माहेरी आले होते; त्या सकाळी तिचे केस शांपूनं धुतले. बीडला पोचल्यावर तिला मावशीकडं सोडून मी आणि अण्णा नंबर लावायला गेलो. तेवढ्यात घोळ झाला. कोरडं डोकं आमच्याकडं सुतकात ठेवतात. मावशीनं दारातच, "कोण गेलं?" म्हणून विचारलं. कुणीच गेलं नाही म्हटल्यावर ती जास्तच चिडली. सवाष्ण बाई आपल्या दारातून कोरड्या डोक्यानं जाणार नाही, असं म्हणून तिनं मायला पाटावर बसवलं आणि टाळूवर खोबरेल ओतलं. वेणी घातली, कुंकू लावलं, ओटी भरली. माय दवाखान्यात आली ती लग्नाला आल्यासारखी.

तपासणीच्या बाईंनी डोक्याला वायर चिकटवायला घेतली आणि ती घसरून खाली आली. दुसरीही आली. बाईंनी आधी मायकडं आणि मग माझ्याकडं बघितलं. मी दवाखान्याच्या नळाखाली भांडी घासायच्या साबणानं मायचं डोकं पुन्हा धुतलं. शेवटी वायरी लागल्या. डोळ्यांसमोर दिवे लुकलुकले, पडद्यावर रेघा धावल्या. शांत रेघा चाललेल्या असताना मधेच काही रेघा एकदम उसळत आणि पुन्हा खाली बसत.

डॉक्टरांनी तेच दाखवलं. म्हणाले, "इथं मेंदूच्या एका बाजूचा करंट एकदम उसळतो. झटका आला की तेवढा वेळ या असून नसतात. डोळे उघडे असतात, पण काही कळत नाही. हे कधीपासून आहे?"

"लगीन झाल्यापासनं," अण्णा म्हणाले.

मी विचारलं, पूर्वी एखाद्या वेळी झटका आला होता का, ते यात दिसतं का. ते म्हणाले, नाही, हे आजचं आहे.

एवढं ऐकूनही अण्णांनी त्यातून हवं ते काढलं. पोरीच्या सुपारीच्या वेळी तिचा करंट उसळलेला होता, म्हणून ती बोलली नाही, आपली काय चूक, असं ते भेटेल त्याला सांगू लागले. नारायणगडाला दर्शनाला गेले तर तिथंही सांगून आले. हळूहळू मलाही ते पटायला लागलं. कुणाचंच काही चुकलेलं नव्हतं. मायवर धरलेला राग आता सोडता येणार होता आणि मला तो सोडायचा होता. फक्त तिच्या तोंडून ऐकायचं राहिलं होतं.

पुढच्या खेपेला माहेरी गेले तेव्हा ती ओसरीवर भुईमुगाच्या शेंगा फोडत होती. गोळ्या सुरू झाल्यापासून झटके कमी झाले होते. मी विचारलं, "माय, अण्णांनी त्या दिशी इचारलं, तवा तू हुतीस का गेलतीस?"

ती गप्प राहिली. मी तिच्या ओठांकडं बघितलं. ते हलत नव्हते. हात शेंगा फोडत होते.

"हुते," ती म्हणाली. "समदं ऐकलं. त्या करंटाचं मला नगं सांगू."

"मग बोलली कावून न्हाईस?"

"भ्यालते. न्हाई म्हणायचं पार व्हटावर आलतं. एवढ्या मान्सात म्हणाया झालं न्हाई." तिनं टरफलं बाजूला सारली. "ह्यान्ला सांगू दे काय सांगायचं ते. तुला खरं ठावं पायजे."

इतकी वर्षं मी हेच धरून चालले होते. आता तिनं स्वतः सांगितलं, तर राग काही येईना, रडू आलं. तिला 'गेलते' म्हणून मोकळं होता आलं असतं. डॉक्टरांचा कागद होता, अण्णा होते, मीसुद्धा होते. मी भिंतीकडं बघत बसून राहिले.

मायचे हात थांबले. ती पुढं वाकली आणि माझ्या तोंडाकडं निरखून बघायला लागली.

"हाय, माय," मी म्हणाले. "मी हितंच हाय."