समुद्राच्या वाळूत लावलेली गाडी

कपडे अजून ओलेच हायत, तरी लिहितोच.

आम्ही तिघं निलंग्याचे दोस्त, पहिल्यांदाच समुद्र बघायला आज कर्नाटकात गोकर्णला आलो. आपल्याकडं कोरड्या नदीत गाडी लावतो, तशीच इथं वाळूत लावली. गाडी चालवून दमलेला सलीम मागच्या सीटवर झोपला, आम्ही दोघं चहाला गेलो.

गप्पा मारत दोन-तीन तासांनी परतलो तर भरतीचं पाणी पार दाराच्या हँडलपर्यंत! लाट आली की गाडी डुलायली. बोंबलत पाण्यात घुसलो. दार उघडंना. काच बडवल्यावर सलीमनं ती खाली केली अन् आम्ही त्याला खिडकीतून ओढून काढलं.

"गाडी हललेली कळली न्हाई का रे?"

"कळली की. भूकंप वाटला. अम्मी म्हणती, भूकंपात उघड्यावर राहायचं. गाडी उघड्यावरच होती, म्हणून गप पडून राहिलो."

आता माझ्या मोबाईलवर सलीमच्या अम्मीचा फोन वाजायलाय. तिला काय सांगू?