चारशे बांबूंतला चापडा

गेल्या जुलैतला शनिवार, सकाळी नऊ. माल चारशे बांबू, नगाला सत्तरप्रमाणे अठ्ठावीस हजार. हजर तिघे: मी, साक्रीकडून टेम्पो घेऊन आलेला ड्रायव्हर आणि त्याच्याबरोबर माल उतरवायला आलेले साठीचे आबा. जळगावजवळच्या माझ्या केळीला घड लागले होते. टेकू दिला नाही तर वाऱ्यात झाडं मोडतात.

प्रत्येक गठ्ठा आधी जमिनीवर आपटायची आबांची पद्धत होती. बांबू चिरतात म्हणून मी ती बंद केली. "वरच सोडा, एकेक मोजून द्या."

"बांबूले काय झोळीमा निजाडू, भाऊ?" आबा हसले, पण त्यांनी ऐकलं.

सदुसष्ट झाले आणि आबांनी हात झटकला. अंगठ्याशेजारी रक्ताचे दोन थेंब. ओल्या पानांत हिरवा साप वेटोळं करून बसला होता.

"हरणटोळ आहे, काही होत नाही," मी ठामपणे म्हणालो.

"डोकं देखा ना!" ड्रायव्हर ओरडला. "हरणटोळनं तोंड सुईसारखं ऱ्हास. हाऊ चापडा शे, बांबूमधला इखारी साप."

त्याने मोबाईलवर फोटो काढला. तोवर पंजा फुगला होता. मी आवळून बांधायला रुमाल काढला, तो ड्रायव्हरने, आवळलं तर हात जातो म्हणत, हिसकावून घेतला आणि आबांना माझ्या गाडीत बसवलं.

सरकारी दवाखान्यात पोचेपर्यंत सूज कोपरापर्यंत चढली. डॉक्टरबाईंनी फोटो मोठा करून पाहिला. "या सापावर आपली लस चालेल याची खात्री नाही. रक्त गोठतंय का, त्यावर सगळं." त्यांनी काचेच्या नळीत रक्त घेऊन ती उभी ठेवली. वीस मिनिटं हात लावायचा नव्हता. मी घड्याळ बघत होतो. आबांच्या पद्धतीने गठ्ठा आपटला असता तर साप आधीच खाली पडला असता, हे मला चौथ्या मिनिटाला सुचलं आणि पुढची सोळा मिनिटं दुसरं काही सुचलं नाही.

"भाऊ, सदुसष्ट व्हयनात," आबा कण्हत म्हणाले. "इसरू नका."

डॉक्टरबाईंनी नळी तिरकी केली. रक्त गोठलं होतं, जागचं हललं नाही.

तरी तीन दिवस ठेवून घेतलं, दर सहा तासांनी नळी. दुसऱ्या दिवशी ड्रायव्हरने उरलेले गठ्ठे आपटून उतरवले. साप दिसला नाही. नऊ बांबू चिरले. त्याला अठ्ठावीस हजार पूर्ण दिले. आबांना तीन आठवडे मूठ वळवता आली नाही. रोज पाचशेप्रमाणे एकवीस दिवसांचे दहा हजार पाचशे साक्रीजवळच्या त्यांच्या गावी जाऊन त्यांच्या बायकोच्या हातात दिले.