लॉबीतल्या माळा आणि सकाळी सहाची ट्रिप

“सलग तिसरा दिवस,” पाठकसाहेब म्हणाले. “दिवाळी आमची आहे की तुमची, तेच कळेनासं झालंय.”

पाठकसाहेब हडपसरच्या पुढे नव्यानेच उघडलेल्या एका आयटी कंपनीचे फॅसिलिटी मॅनेजर. मी बिबवेवाडीचा इलेक्ट्रिकल कॉन्ट्रॅक्टर. प्रवेशद्वारापासून रिसेप्शनपर्यंतच्या भिंतीवर मी दिव्यांच्या माळा लावल्या होत्या. दिसायला फक्कड. पण रोज सकाळी सहाच्या सुमारास ELCB ट्रिप व्हायचा, म्हणजे आपोआप पडायचा. ELCB म्हणजे पहारेकरी स्विच. वीज आपली वाट सोडून जमिनीकडे झिरपायला लागली, की तो क्षणात लाइन तोडतो. त्याच लाइनवर दाराचं कार्ड-मशीन होतं. तेही बंद पडायचं आणि सकाळच्या शिफ्टची दोनशे पोरं-पोरी रजिस्टरमध्ये नावं लिहीत रांगेत उभी राहायची.

मजा अशी, की आठपर्यंत सिक्युरिटीवाल्याने कितीही वेळा स्विच वर केला तरी तो खाली यायचा. मी साडेनऊला पोहोचलो की शहाण्यासारखा वर राहायचा. मी मेगर लावला. मेगर म्हणजे वायरीचं इन्सुलेशन तपासायचं यंत्र. रीडिंग उत्तम. एक माळ बदलली. टायमर बदलला. बिल्डिंगच्या वायरिंगवरून पाठकसाहेबांना चार गोष्टी ऐकवल्या. पहाटेच्या दवाला दोष दिला. पण दव काचेच्या आत कसं येईल, हे मलाही सांगता येईना. वैताग होताच, पण खरं सांगायचं तर मला त्या गोष्टीचा छंदच लागला होता. घड्याळ लावून येणारा फॉल्ट मी तोवर पाहिला नव्हता.

“उद्या तो ELCB काढून लाइन डायरेक्ट करा,” पाठकसाहेब म्हणाले. “नाहीतर परवा तुमच्याऐवजी दुसरं कोणीतरी येईल.”

मी “हो” म्हणालो. हे लिहिताना आजही लाज वाटते. पण ॲन्युअल कॉन्ट्रॅक्ट जायची भीती होती, म्हणून म्हणालो.

दुसऱ्या दिवशी साडेपाचलाच लॉबीत जाऊन बसलो. म्हटलं, डायरेक्ट करायच्या आधी एकदा हा चोर डोळ्यांनी बघू. पावणेसहाला हाउसकीपिंगच्या कौसल्यामावशी आल्या. लोणी काळभोरहून पहिल्या गाडीने यायच्या. त्यांनी चपला बाजूला काढल्या, बादली भरून आणली आणि तांब्याने दारापासून आतपर्यंत ग्रॅनाइटवर सडा घालायला लागल्या. रांगोळीची डबी शेजारी ठेवलेली. ती रांगोळी मी तीन दिवस जपून ओलांडत होतो. चांगली काढलीय, असंही मनात म्हटलं होतं. रांगोळीच्या आधी सडा असतो, एवढं मात्र माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

चौथा तांब्या कुंडीच्या लोखंडी स्टँडवर गेला. खट्. भिंत अंधारली.

“बघा, गेली पुन्हा,” मावशी म्हणाल्या. “रोज हितंच आलं की जाती.”

मी स्टँडमागे हात घालणार होतो, तो आवरला. आधी प्लग काढला. दोन माळा जोडताना हातभर वायर उरली होती. ती गुंडाळून, जोडासकट, मी तिथे सरकवली होती. जोडावर नुसती टेप. दिवे भिंतीवर, पाणी जमिनीवर, असा माझा हिशेब. ऊन आत आलं की जोड वाळायचा आणि मी यायचो.

मग मावशींच्या पायांकडे लक्ष गेलं. अनवाणी, ओले. मी आदल्या दिवशीच लाइन डायरेक्ट केली असती तर?

नऊला पाठकसाहेबांना सगळं सांगितलं. त्यांनी मावशींना बोलावलं.

“ऑफिसात सडा घालायला कोणी सांगितलं तुम्हाला?”

“कुनी नाय सायेब. सणाचं दार कोरडं कसं ठेवायचं? तुमचंच दार हाय.”

साहेबांनी फोन उचलला. “एजन्सीला सांगतो, या बाई उद्यापासून नकोत.”

“साहेब, जोड माझा आहे,” मी म्हणालो. “पाणी त्यांचं, पण जोड माझा. तो वर पाहिजे होता आणि बंद डबीत पाहिजे होता. आणि तो स्विच काढला असता, तर आज आपण तिघं इथे उभे नसतो.”

साहेबांनी फोन खाली ठेवला.

“म्हणजे गेले तीन दिवस वायरिंगवर आम्हाला जे ऐकवलंत, ते स्वतःलाच ऐकवायचं राहिलं होतं तर!”

“हो.”

मावशी राहिल्या. जोड सात फुटांवर गेला, कार्ड-मशीनची लाइन वेगळी झाली. कॉन्ट्रॅक्ट मात्र त्या वर्षाबरोबर संपलं. त्यात चुकीचं काही नव्हतं.

तेव्हापासून भिंतीवर माळा लावायला गेलो, की मी आधी एकच विचारतो: इथे पहाटे कोण येतं? गिऱ्हाइकांना वाटतं, मी चोरांची चौकशी करतोय. वाटू दे.