गाडीची उलंगवाडी

माझ्या थोरल्या साडूंइतकं गाडीच्या पोटाला जपणारा माणूस अख्ख्या बुलढाणा जिल्ह्यात दुसरा नसेल, आणि त्यांची शेळी माझ्यामुळे मेली. दोन्ही गोष्टी एका दमात सांगतो, कारण दुसरी मी कित्येक वर्षं कुणालाच सांगितली नव्हती.

साडू अमडापूरचे. माणसाचे सगळे आजार पोटातून सुरू होतात आणि गाडीचे रेडिएटरमधून, हा त्यांचा सिद्धांत. "गॅरेजवाला नुसतं वरून पानी टाकते. जुलाब कोन देईन?" असं म्हणून दारातल्या जुन्या पांढऱ्या गाडीवरचे सगळे उपचार ते घरीच करत. शेतातला कापूस वेचून संपला, उलंगवाडी झाली, की ते गाडीची उलंगवाडी काढत. आदल्या दिवशी गाडी कुणालाही मिळायची नाही; तिचा उपास असे. सकाळी इंजिन थंडगार असताना खालची तोटी सोडून जुनं हिरवं कूलंट घमेल्यात काढायचं. मग साधं पाणी भरायचं, गाडी चालवायची, निवू द्यायची, पुन्हा सोडायचं. निघालेलं पाणी ते काचेच्या ग्लासात धरून उन्हात निरखत. एकदा एका पाहुण्याने तो ग्लास सरबत समजून उचलला, तेव्हा साडूंनी त्याच्या मनगटावर असा फटका मारला की पाहुणा जेवायलाही थांबला नाही. "गोड जहर हाय ते!" साडू त्याच्यामागे ओरडत होते. नवं कूलंट भरताना त्यात घालायचं पाणी पावसाचं, तेही जुन्या धोतरातून गाळलेलं.

या कामात त्यांचे एकमेव सहायक शेजारचे चाचा. चाचांनी ड्रायव्हरच्या जागेवर बसून रेस द्यायची, साडूंनी रेडिएटरच्या तोंडाशी वाकून आतली हवा निघते का ते बघायचं. "हळू बे, बुडबुडे निघून राह्यले!" साडू बॉनेटआडून ओरडत. चाचा आतून म्हणत, "तू पोट पाह्य. पाय माहा हाय."

त्या साली बीटी कापसाच्या बोंडांतही अळी निघाली होती. उलंगवाडीला मी मेहकरहून गेलो होतो. साडूंनी कूलंटचं घमेलं माझ्या हाती दिलं. "मागच्या खड्ड्यात पुरून ये." तेवढ्यात माझा फोन वाजला. घमेलं गोठ्याच्या भिंतीशी ठेवून मी बोलत बोलत फाटकापर्यंत गेलो. परतलो तर शेळी ओठ चाटत उभी, आणि घमेलं अर्धं रिकामं. मी उरलेलं खड्ड्यात ओतलं, वर माती लोटली, घमेलं धुतलं. बोललो काहीच नाही.

दोन दिवसांनी शेळी मेली. बीटीची पऱ्हाटी, म्हणजे कापसाची झाडं, खाऊन जनावरं मरतात, असं तेव्हा गावोगाव बोललं जायचं. आणि वेचणी संपल्यावर चाचांनीच मायेने म्हटलं होतं, "सोड तुही बकरी माह्या पऱ्हाटीत." साडूंनी तेवढंच धरलं. "त्यानं मारली माही बकरी," फोनवर म्हणाले, आणि दोन घरांमधली वाट काट्यांनी बुजवली. मी फोनवर नुसता "हाव, हाव" करत राहिलो.

यंदा गेलो तर साडू एकटेच रेडिएटरवर वाकलेले. ड्रायव्हरच्या जागेवर कुणीच नाही, तरी इंजिन घुमत होतं. आत डोकावलो. ॲक्सिलरेटरवर दगड ठेवलेला होता.

"सांगतलेलं ऐकत नाही लेकाचा," साडू म्हणाले. "एकसारखीच रेस देते."

हसायला गेलो, पण हसू फुटेना. तिथेच सगळं सांगून टाकलं.

साडूंनी गाडी बंद केली. धोतराच्या फडक्याला हात पुसले.

"काऊन नाही सांगतलं बे इतके दिवस?"

"लाज वाटली, भाऊ."

"चाल," ते म्हणाले, आणि वाटेवरचे काटे नुसत्या हातांनी बाजूला सारू लागले.

चाचा ओट्यावर खाटेवर बसले होते. गेल्या पावसाळ्यात त्यांची उजवी बाजू लकव्याने गेली होती. साडूंना तेही लोकांकडूनच कळलं होतं. चाचांनीच आधी विचारलं, "आता रेस कोन देते बे तुले?"

"दगड."

चाचांनी डाव्या हाताने आपला उजवा पाय उचलून सरळ केला. "हाही दगडच झाला, पाह्य."

साडू त्या पायाशी खाली बसले. मीही बसलो.

"चाचा," मी म्हणालो, "बकरी तुमच्या पऱ्हाटीनं नाही मेली. ते जहर मी उघडं ठेवलं होतं. तुमच्यावर आळ आला, अन् मी गप बसलो. मले माफ करा."