काचेवरची हळद आणि पडद्याचा ताप

चाकणच्या आमच्या कंपनीत गाड्यांच्या डॅशबोर्डचे ओएलईडी पडदे तपासतात. या पडद्यातला सेंद्रिय पदार्थाचा थर स्वतःच उजळतो आणि स्वतःच्याच उष्णतेनं लवकर म्हातारा होतो. आत किती तापलंय हे कळलं तर करंट वेळीच कमी करून त्याचं आयुष्य वाढवता येतं. पण थर इतका पातळ की आत थर्मामीटर शिरणार कुठून? मी आपला बाहेरच्या काचेला सेन्सरची तार चिकटवायचो आणि दिसेल तो आकडा लिहायचो.

मग काळेवाडीहून येणारी एक इंजिनिअर रुजू झाली. तिनं पडद्यालाच थर्मामीटर केलं. क्षणभर उजेड बंद करायचा, अगदी बारीक करंट सोडायचा आणि व्होल्टेज बघायचं. पडदा आतून जितका गरम, तितकं व्होल्टेज कमी. कुठल्या तापमानाला किती, याचा तक्ता तिनं भट्टीत पडदा ठेवून आधीच बनवला होता. प्रोबेशन संपायच्या आत ही पद्धत पटवून दिली की ती नोकरीत कायम होणार होती.

खंडेनवमी आली. बाकीची मशिनं बंद करून पुसली, पुजली. पडदा किती टिकतो याची चाचणी मात्र मध्येच थांबवता येत नाही, म्हणून पेटत्या पडद्याचीच पूजा करायची ठरली. ताट माझ्याकडे दिलं, कारण मी शाकाहारी आहे असा सगळ्यांचा समज. मी शाकाहारी नाही. आज सांगतोच आहे तर तेही सांगून टाकतो.

काचेच्या मधोमध सेन्सरची तार आडवी येत होती. मी टेप सोडवली, ओल्या हळदीचं चांगलं जाड बोट टेकवलं, वर कुंकू लावलं आणि तार होती तिथेच, म्हणजे हळदीवर, परत चिकटवली. हात जोडले. त्या दिवसापासून सेन्सर गादीवर झोपला आणि काच थंड दाखवू लागला. तिचं व्होल्टेज मात्र आत ताप आहे असंच सांगत राहिलं.

"एवढा फरक?" दोन्ही आकडे बघून साहेब म्हणाले. "मॅडम, पडदा जुना झाला की व्होल्टेज आपोआप बदलतं."

"जुना झाल्यावर वाढतं, साहेब. मग पडदा थंड दिसायला हवा. इथे गरम दिसतोय."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. तिचं बरोबर होतं, हे मला कळत होतं. मी म्हणालो, "सेन्सर तर रोजचाच आहे, साहेब."

आठवड्यानं टेपच्या कडेला पिवळं दिसलं. चहाच्या सुट्टीत मी रुमालानं काच घासली आणि तार नीट लावली. फरक एकदम पटण्याजोगा झाला. साहेब खूश. "आता जमलं मॅडमना." तिनं काहीच बदललं नव्हतं, त्यामुळे ती सोडून सगळे समाधानी. फाइलवर मात्र शेरा पडला, आधीचे आकडे भरवशाचे नाहीत, आणि तिचं कायम होणं तीन महिने पुढे गेलं. रुमालाचा डाग घरी विचारला गेला. पावभाजी, असं सांगितलं.

तीन महिन्यांनी साहेब कागद समोर ठेवून तिला म्हणाले, "तेव्हा नेमकं काय चुकलं होतं तेवढं सांगा, सही करतो."

ती तक्ता चाळू लागली. उत्तर तिच्याकडे असणार कसं? मी शेजारच्या खुर्चीवर बसलो होतो. गप्प बसायचा सराव मला भरपूर, पण त्या दिवशी तो पुरला नाही.

"हळद होती, साहेब. सेन्सरखाली. मी लावलेली."

साहेबांनी डोळ्यांवरचा चष्मा काढला. "आता हे ग्राहकाला कसं कळवायचं, राव? 'बाह्य पदार्थ' लिहू."

"हळद लिहा," ती म्हणाली. "आणि कुणी लावली तेही लिहा."

कारणांच्या फॉर्मवर मी दोन्ही लिहिलं. साहेबांनी वाचलं, सुस्कारा सोडला आणि तिच्या कागदावर सही केली.

बाहेर आल्यावर ती म्हणाली, "सर, तीन महिने मी रविवारीसुद्धा तोच तक्ता तपासत होते. एकदा तरी बोलायचं."

"बोलणारच होतो."

"कधी?"

ती टोमणा मारत नव्हती, खरंच विचारत होती. कागदाची घडी न करता उत्तरासाठी थांबली होती. मी म्हणालो, "माहीत नाही."